टॅक्सीचे साडेसहाशे रुपये

ताई,
मी २७ वर्षांची, मूळची नाशिकची, नोकरी पुण्यात. सप्टेंबरमध्ये आयुष्यात पहिल्यांदा एकटी फिरायला गेले, हिमाचलमधल्या स्पितीला. किन्नौरकडून चढत चढत काझाला पोचले, तिथे तीन दिवस राहून कुंझुमची खिंड ओलांडून मनालीला उतरायचं असं ठरलेलं, पण पलीकडे दरड आली, रस्ता बंद झाला आणि तीनाचे नऊ दिवस झाले. हॉस्टेलच्या सहा बेडच्या डॉर्ममध्ये आम्ही पाच जण अडकलो. कोचीची एक मुलगी, इंदूरचा एक मुलगा, साठीची एक डच बाई, सांगलीचा एक मुलगा आणि मी. नेट जवळजवळ नव्हतंच. रात्ररात्र पत्ते खेळलो, गच्चीवर रजया घेऊन तारे बघत पडून राहिलो, एकदा तर मी हॉस्टेलच्या किचनमध्ये घुसून चौदा जणांचे कांदेपोहे केले (घरी मी चहासुद्धा करत नाही). आणि माझं ठरलेलं लग्न का मोडलं त्याचं खरं कारण मी कोचीवालीला सांगून टाकलं, जे माझ्या सख्ख्या बहिणीला माहीत नाही.

मनालीला व्होल्वोपाशी सगळे मला सोडायला आले. मिठ्या मारून झाल्या, रडून झालं, आणि बस पाऊण तास सुटेचना. शेवटी शेवटी आम्ही पाचही जण आपापल्या फोनमध्ये बघत नुसते उभे होतो. ते चित्र डोक्यातून जात नाही.

आल्यावर पंधरा दिवस ग्रुपवर रोज दोनशे मेसेज, आता तीन आठवडे झाले, कोणी गुड मॉर्निंगपण टाकलेलं नाही. काझाच्या वरच्या हिक्कीम गावच्या पोस्टातून मी कोचीवालीला कार्ड टाकलं होतं, ते तिला मिळालं, तिने फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली एक हार्ट. बस. डिसेंबरात गोव्याला भेटायचं ठरलंय, सगळे हो हो म्हणतात, तिकीट माझ्याशिवाय कोणी काढलेलं नाही. आई म्हणते नऊ दिवसांची ओळख, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. ते सगळं खोटं होतं का? आणि जे बोलून बसले त्याची आता लाज वाटते. मी ठरवलंय, पुढच्या ट्रिपला हेडफोन लावून बसायचं, कोणात अडकायचं नाही. बरोबर ना?

ता.क. लांगझा-हिक्कीमच्या टॅक्सीचे साडेसहाशे रुपये मी अजून सांगलीवाल्याला दिलेले नाहीत. विसरले नाहीये. पण दिले की हिशोब मिटला, मग बोलायला कारणच उरणार नाही असं वाटतं. त्यानेही मागितलेले नाहीत. त्या दिवशी तो पुढे बसून ड्रायव्हरशी गाण्यांवरून वाद घालत होता, उतरताना सगळ्यांचे पैसे त्यानेच भरले आणि मला म्हणाला, राहू दे, नंतर बघू.

बॅग अजून न उपसलेली, वाकड


बॅग न उपसलेल्या मुली,

आधी ती बॅग उपस. महिना उलटून गेला, आत काझाचे मोजे असतील, मनाचं काय ते आपण बघू पण मोज्यांचं आजच्या आज बघ.

आता आईचं. आई चुकत नाहीये, ती दिवस मोजतेय, तू तास मोज. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठात जेफ्री हॉल म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांनी २०१८ मध्ये मैत्री व्हायला किती वेळ लागतो यावर अभ्यास छापला. साधारण ५० तास एकत्र गेले की नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री होते, ९० च्या आसपास मित्र म्हणावं असं काहीतरी होतं, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर तास लागतात. त्यातही ऑफिसात शेजारी शेजारी बसून काम केलेले तास फारसे धरायचे नाहीत, खाणं, गप्पा, टाइमपास, असले तास हवेत. मग कर हिशोब. नऊ दिवस, रोजचे पंधरा तास जागी, झाले १३५. पुण्यात तू एखाद्या मैत्रिणीला दर शनिवारी दोन तास भेटलीस (आणि तिने आयत्या वेळी एकदाही कॅन्सल केलं नाही असं समजू, समजायला काय जातंय) तर १३५ तास भरायला सव्वा वर्ष लागेल. तू ते नऊ दिवसांत उरकून आलीस. म्हणजे ९० च्या बरीच पुढे आणि २०० च्या अलीकडे अशी मधेच लटकलीयेस, मित्र झाले होते, जिवलग व्हायचे राहिले होते आणि तेवढ्यात त्या रस्तेवाल्यांनी दरड उपसली. लागणारच की मनाला. आईला हे असं आकड्यांत सांग. माझ्या आईला आकडे सांगितले की पटायचं, ती बँकेत होती.

खोटं होतं का, या प्रश्नाचं उत्तर 'नाही, खोटं नव्हतं' असं आहे, पण ते कशाचं बनलेलं होतं ते बघू या, कारण ते न बघताच तू ते उचलून वाकडला आणायला निघालीयेस.

हॉस्टेल ही भानगडच मुळात अडकून पडण्यातून निघालीये. १९०९ च्या ऑगस्टमध्ये रिचर्ड शिरमान नावाचा एक जर्मन मास्तर शाळेतल्या पोरांना घेऊन पायी सहलीला निघाला होता, वाटेत वादळी पावसात सापडले, एका गावातल्या शाळेत पेंढ्यावर रात्र काढली. पोरं झोपली, मास्तरला झोप येईना, आणि पडल्या पडल्या त्याच्या डोक्यात आलं की सुट्टीत शाळा रिकाम्याच पडलेल्या असतात, मग चालणाऱ्या पोरांना गावोगाव अशी जागा का असू नये. पुढे आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल उभं राहिलं. तर तुमची ती सहा बेडची डॉर्म ही त्या मास्तरच्या न लागलेल्या झोपेची नात-पणती.

आणि तेव्हापासून ती जागा बनलेलीच अशी आहे की आतला प्रत्येक जण घरापासून लांब असला पाहिजे आणि प्रत्येकाची निघायची तारीख ठरलेली पाहिजे. आपल्याकडे कितीतरी हॉस्टेलांत त्याच शहराचं आधार कार्ड असेल तर बेडच देत नाहीत, बघितलं असशील. तिथे नव्या माणसाला पहिले प्रश्न कोणते विचारतात आठव. कुठून आलीस, किती दिवस आहेस, पुढे कुठे. आडनाव नाही, पगार नाही, मग लग्नाचं काय हे नाही. पण तिसरा प्रश्न बघ ना, पुढे कुठे. म्हणजे ओळख होऊन पाच मिनिटं झालेली नसतात आणि निरोपाचं बोलून झालेलं असतं, सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तर लोक दोन दिवसांत मोकळे होतात. ज्याला परवा जायचंय तो आज लाजत बसत नाही.

त्यात तुमचं काझा. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरच्या वर, जिना चढला तरी सगळ्यांनाच धाप लागते, त्यामुळे कोणी कोणाच्या पुढे पळत नाही, रेंज नाही त्यामुळे जेवताना कोणी खाली मान घालून बसत नाही, आणि रस्ता बंद, म्हणजे कंटाळा आला तरी उठून जायला जागा नाही. अशा ठिकाणी नऊ दिवस ठेवलं तर भांडकुदळ माणसांचीही मैत्री होईल. याने तुमची मैत्री हलकी होत नाही हं, तिचे आईवडील कोण एवढंच मी सांगतेय.

पोह्यांवर मात्र मी जरा थांबणार आहे, कारण पत्र वाचताना मी तिथेच थांबले. त्या उंचीला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, डाळ तासन्‌तास शिजत नाही, बटाटा दातांखाली कचकच लागतो, आणि तू तिथे पोहे केलेस, ज्यांना मुळात शिजायचंच नसतं, भिजले की झालं. जी घरी चहा करत नाही तिने त्या किचनमध्ये बरोबर तोच पदार्थ निवडला. आणि आकडासुद्धा तुझ्या लक्षात आहे, चौदा. आता मला सांग, नाशिकला तू ओट्याशी गेलीस तर काय होतं? आज सूर्य कुठे उगवला, गॅस लावता येतो का गं, आई फोटो काढ हिचा. हो ना? काझातल्या चौदा जणांना माहीतच नव्हतं की तू पोहे करणारी मुलगी नाहीस, त्यामुळे कोणी हसलं नाही, प्लेटा पुढे आल्या. तुला वाटतं तुला ते चौघे हवेत. मला वाटतं त्यातलं थोडं तुला हे हवंय, ज्यांना तुझा इतिहास पाठ नाही अशा माणसांपुढे काहीतरी करून बघायला मिळणं. ते वाकडमध्येही मिळतं. येत्या रविवारी फ्लॅटवर पोहे कर, शेजारच्या फ्लॅटमधल्या पोरींना बोलव, त्यांनाही तुझा इतिहास माहीत नाही. पोहे थोडे जास्त भिजले तर दही घाल, कोणाला कळत नाही.

आता लाज. जॉर्ज झिमेल नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये 'परका माणूस' या विषयावर लिहिलेलं आहे, त्यात त्याने हेच टिपलंय की आज इथे उद्या तिथे अशा माणसापाशी लोक अशा गोष्टी बोलून जातात ज्या अगदी जवळच्यांपासून जपून लपवलेल्या असतात. शंभर वर्षं उलटून गेली, तेव्हाही लोक हेच करत होते, रेल्वेच्या डब्यात अजूनही करतात, मला एकदा कसारा ते भुसावळ एवढ्या वेळात एका बाईंनी नवऱ्याचं, दिराचं आणि सोन्याचं सगळं सांगितलं होतं आणि उतरताना माझं नाव विचारायचं त्यांना सुचलं नाही. तर तू काही वेगळं केलेलं नाहीस. कोचीच्या मुलीला सांगणं सोपं गेलं कारण ती तुझ्या बहिणीच्या लग्नात जेवायला येणार नव्हती.

पण एक गोष्ट झालीये ती तुझ्या लक्षात आली नसेल. जे इतके दिवस घशात अडकलं होतं त्याला तिथे शब्द सापडले. पहिल्यांदा सांगताना माणूस चाचपडतो, मागचं पुढे करतो, रडतो, ते सगळं काझात उरकलं, आता ती गोष्ट तुला सांगता येते. मग बहिणीला सांग. लगेच नको, दिवाळीचा फराळ संपला की एकदा नाशिकला जा, दोघी जेवून भांडी आवरत असाल तेव्हा सांग, भांडी हातात असली की समोरासमोर बघावं लागत नाही. तुझं खरं गुपित कोचीत आहे आणि घर नाशकात आहे, हे उलटंपालटं झालंय ते सरळ कर, मग लाज किती उरते ते मला कळव.

ग्रुपचं म्हणशील तर तो संपला. खरंच संपला, त्याला ऑक्सिजन लावू नकोस. त्या ग्रुपचं काम काय होतं, गाडी किती वाजता, मोमो खायला कोण येतंय, वरच्या बंकवरचा चार्जर कोणाचा. ती कामं झाली. तू आता तिथे मिस यू गाईज टाकलंस की चार हार्ट येतील आणि तू अजून खचशील. सोडू पण नकोस, तू नाहीस असं दिसलं की उगाच चार जणांना वाटेल काय झालं. अर्काइव्ह कर आणि विसर.

त्या पोस्टकार्डाचं मात्र मला तुझ्याइतकंच लागलं. हिक्कीमचं ते पोस्ट १९८३ पासून चालू आहे, ४४०० मीटरवर, तिथून टपाल खाली काझाला न्यायचं, मग घाटाघाटाने मैदानात, आणि तिथून पार कोचीपर्यंत. एवढ्या प्रवासाला एक हार्ट म्हणजे कोणालाही कमीच वाटेल. पण तिच्या बाजूने बघ, ती ऑफिसमधून दमून आली, दारात कार्ड पडलेलं, खूश झाली, सगळ्यांना दाखवावंसं वाटलं म्हणून ग्रुपवर टाकलं. तुला हवं होतं तिने ते फक्त तुझ्याशी बोलावं. तर ते तिला कसं कळणार? तिला फोन कर. मेसेज नाही, व्हॉइस नोट नाही, फोन. पहिली चार मिनिटं दोघी वेड्यासारख्या 'और बता, और बता' करत बसाल, ती चार मिनिटं सहन कर, पाचव्या मिनिटाला काय होतं ते तुझं खरं उत्तर. नाहीच जमलं तर नाही जमलं, मग निदान हार्टाच्या आकाराचा अर्थ लावत बसायचं तरी थांबेल.

मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. १९९८ च्या मे महिन्यात मी यूथ हॉस्टेल्सच्या सार पास ट्रेकला गेले होते, तेव्हा मुंबई-पुण्याकडची निम्मी मध्यमवर्गीय जनता पहिला हिमालय असाच बघायची, कसोलला पार्वती नदीच्या काठावर तंबू, रोज एक ग्रुप येणार आणि एक ग्रुप वर निघणार. सकाळी जो ग्रुप निघायचा त्याला बाकीचे सगळे दोन रांगा करून टाळ्या वाजवत सोडायचे. त्या टाळ्यांच्या मधून सॅक घेऊन चालताना आपण काहीतरी पराक्रमाला निघालोय असं वाटायचं, आणि परत आलो की आपण रांगेत उभे राहून दुसऱ्यांसाठी टाळ्या. निरोप द्यायची याहून सुटसुटीत रीत मी अजून बघितलेली नाही, कोणी रडत नाही, कोणी ताटकळत नाही, टाळ्या संपतात तोवर माणसं वळणाआड गेलेली असतात.

माझ्या तंबूत भावनगरच्या एक शिक्षिका होत्या, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या. थेपल्यांचा डबा, ट्रेकभर पुरला. पासच्या पलीकडे बर्फावरून बसून घसरत खाली यायचं असतं, तिथे आधी त्यांनी पाय मागे घेतला, मग मला म्हणाल्या तू पुढे हो, आणि मी निघायच्या आत स्वतःच ओरडत, हसत, साडेतीनशे फूट (मला वाटलं तेवढं) खाली. कसोलहून मी आधी निघाले. सवयीने तोंडातून गेलं, येते हं. आपण जाते म्हणत नाही ना. त्या म्हणाल्या, आवजो. त्याचा अर्थ 'या' असा होतो हे मला नंतर एका गुजराती शेजारणीकडून कळलं. म्हणजे मी म्हटलं येते, त्या म्हणाल्या या, आणि मी भावनगरला आजतागायत गेलेली नाही. आठेक वर्षं दिवाळीला कार्डं येत-जात होती, मग आम्ही घर बदललं, पत्त्यांची वही त्यात गेली, आणि संपलं. भांडण नाही, दुःखही फार नाही. पण दर पावसाळ्यात मी ओल्या बुटांमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबते तेव्हा ते त्यांनी शिकवल्यासारखंच कोंबते, आधी पुढच्या टोकात, घट्ट.

आणि त्याच ट्रेकचं आम्ही रियुनियनही केलं होतं बरं का. सहा महिन्यांनी, दादरला एका हॉटेलात. पंचेचाळीस जणांतले अकरा आले. धुतलेल्या कपड्यांत आम्ही एकमेकांना ओळखेना. सगळे बायोडेटा सांगितल्यासारखं कंपनी, एरिया, वन बीएचके का टू असं बोलत होते, बिलावरून अर्धा तास गेला, आणि जो मुलगा ट्रेकवर सगळ्यांच्या सॅका उचलायला पुढे असायचा त्याने जाता जाता चौघांना विम्याच्या पॉलिसीचे फॉर्म दिले. घरी येताना ट्रेनमध्ये मला वाटलं, हे नसतं केलं तर बरं झालं असतं. तुझ्या गोव्याचं वाचलं आणि मला ते फॉर्म आठवले.

म्हणून गोव्याचं असं कर. ग्रुपवर शेवटचा एक मेसेज टाक, मी अमुक तारखेला पोचतेय, अमुक हॉस्टेलला आहे, ज्यांना जमेल त्यांनी या, आणि पुढे एकदाही आठवण करू नकोस. तिकीट कॅन्सलही करू नकोस. डिसेंबरात चार दिशांची चार माणसं एका बीचवर आणणं हे लग्न जमवण्यापेक्षा अवघड काम आहे, गोव्याचे प्लॅन असेही ग्रुपवरच होतात आणि ग्रुपवरच मरतात, आणि त्यात तू एकटीच मुलीकडची. कोणी आलं तर आलं. नाही आलं तर तू एकटी जा, तू आता एकटी जाऊ शकतेस, ते तू काझाला जाऊनच दाखवलंयस.

माझी आत्या बरीच वर्षं वारीला जायची. तिच्या दिंडीत परभणीकडची एक बाई होती, दोघींचं इतकं जमायचं की तंबूत दोघी एकाच चादरीत. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत वीसेक दिवस चिकटून, आणि पंढरपूरला आपापल्या गाडीत बसल्या की पुढच्या आषाढीपर्यंत एक शब्द नाही. मोबाइल आले तरी नाही. मी एकदा विचारलं, अगं नंबर आहे ना तुझ्याकडे, करत का नाहीस फोन? तर म्हणाली, फोनवर काय बोलायचं, चालायला लागलं की बोलतो की. तुमच्यात जे झालं ते मला या जातीचं वाटतं. त्या डच बाईंना जूनमध्ये झूमवर आणायचा प्रयत्न करू नकोस, पण कधी त्या पुन्हा लडाख-बिडाखला यायच्या असतील आणि तुला सुट्टी असेल तर जा, चालायला लागल्यावर बोलाल.

हेडफोनचं अजिबात चालणार नाही. लॉकरला कुलूप लाव, अनोळखी माणसाने दिलेलं काही पिऊ नकोस, डॉर्ममधला प्रत्येक जण चांगला असतो असं मी म्हणणार नाही, असे नमुने मीही बघितलेत. पण रडायला येईल म्हणून बोलायचंच नाही हे म्हणजे ताट उचलावं लागेल म्हणून जेवायला न बसणं. फक्त निरोप नीट घ्यायला शीक. तो आदल्या रात्री घ्यायचा, जेवताना, तेव्हा सगळे निवांत असतात, ज्याला जे सांगायचं ते सांगून टाकायचं. नक्की भेटू म्हणायचं नाही, मजा आली म्हणायचं. नंबर सगळ्यांचे घ्यायचे नाहीत, एकाचा किंवा दोघांचा. आणि सकाळी बसपाशी कोणी आलंच तर बॅग डिकीत टाकली की आपणच म्हणायचं, जा रे तुम्ही, थांबू नका.

तसं मनालीचं ते चित्र, पाच जण फोनमध्ये बघत उभे, मला नाही गं वाईट वाटलं ते वाचून. बोलायला काही उरलं नव्हतं, मिठ्या मारून झाल्या होत्या, थंडी असणार, भूक लागली असणार, आणि पाऊण तास कोणी हललं नाही. मनालीच्या बाजारात जाऊन सिड्डू खाता आला असता की त्यांना. फोनमध्ये बघत का होईना, उभे राहिले. तू ते चित्र डोक्यातून काढायला बघतेयस, मी असते तर भिंतीवर लावलं असतं.

राहिली तुझी ता.क. सगळ्या पत्रात तू सांगलीच्या मुलाबद्दल 'सांगलीचा एक मुलगा' एवढे तीन शब्द लिहिलेस, आणि मग ता.क.मध्ये तो कुठे बसला होता, कशावरून वाद घालत होता, काय म्हणाला, सगळं. मी काही म्हणत नाही. प्रेम आहे असंही म्हणत नाही, नसेलही, दीड महिन्यापूर्वीचा ड्रायव्हरशी घातलेला वाद आठवतो म्हणजे प्रेमच असं काही नाही. पण तू कोची लांब, इंदूर लांब, नेदरलँड्स तर काय, असं म्हणून सगळ्यांसाठी सरसकट रडतेयस, आणि सांगली पुण्याहून २३० किलोमीटर आहे, स्वारगेटहून बस आहे, रेल्वे आहे, एवढ्यासाठी दरडसुद्धा उपसावी लागणार नाही. जो एकच जण भेटण्यासारख्या अंतरावर आहे त्याच्याशी तू हिशोबाच्या आड लपून बसलीयेस, कारण पैसे दिले की मग बोलायचं तर बिनकारणच बोलावं लागेल आणि त्याची तुला भीती वाटते.

पैसे देऊन टाक. आज रात्रीच. फोनवरून पाठव, खाली लिही 'लांगझा टॅक्सी', हार्ट नको, सॉरी नको, लांबलचक काही नको. राहू दे नंतर बघू म्हणणारे बहुतेक लोक आकडा पाठ ठेवतात, त्यामुळे त्याचं उत्तर यायला फार वेळ लागू नये. नुसतं 'ओके' आलं तर ओके. आणखी काही आलं तर तू आणि तो बघा, तिथे मी कशाला.

ताई

ता.क. त्याने पोहे किती वेळा घेतले, ते तू लिहिलेलं नाहीस.